टीव्हीला ऊन लागायचे दिवस

चिंचमाळात टीव्हीला ऊन लागायचं. माणसाला लागतं तसंच. वर्षातून दोनदा, एकदा शिमग्याच्या आगेमागे आणि एकदा नवरात्र सरल्यावर, भर दुपारी चालत्या चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, बोलणाऱ्याचा आवाज घशात अडकायचा आणि पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढी अक्षरं उरायची. आठ-दहा मिनिटं गेली की टीव्ही आपोआप शुद्धीवर यायचा. आठवडाभर हे रोज चालायचं आणि मग सहा महिने नाव नाही.

कारण तसं साधं होतं. टीव्हीचे उपग्रह पृथ्वीच्या विषुववृत्तावर, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर, आपापल्या ठरल्या जागी असतात. पृथ्वी फिरेल तसे तेही फिरतात, म्हणून खालून बघणाऱ्याला ते खुंटीला टांगल्यासारखे एका जागी दिसतात. घरावरची छत्री त्या एका जागेकडे डोळा लावून बसलेली असते. वर्षात दोनदा सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. मग छत्रीची गत उन्हाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसासारखी होते. समोर कोणीतरी आहे एवढं कळतं, पण चेहरा ओळखू येत नाही.

मालनबाईंच्या घरावर एका कंपनीची छत्री होती आणि गल्लीच्या पलीकडे शेवंताच्या घरावर दुसऱ्या कंपनीची. दोन कंपन्यांचे दोन उपग्रह, दोन वेगळ्या जागी. त्यामुळे सूर्य एकाच्या पाठीशी गेला तरी दुसरा शाबूत असायचा, आणि घटकाभराने उलटं व्हायचं. म्हणून गावात एक रीतच पडली होती. आपल्या टीव्हीला ऊन लागलं की पलीकडे जायचं, आणि जाताना हात रिकामा ठेवायचा नाही. मालन ताटलीत भाजक्या शेंगा घेऊन शेवंताकडे जायची. घटकाभराने शेवंता उरलेल्या शेंगा घेऊन मालनच्या मागोमाग यायची.

शेवंता ही मालनच्या थोरल्या भावाची बायको. आणि शेवंताची लेक प्रणोती ही मालनची सून. भावाची लेक करून आणायची, ही त्या मुलखातली जुनी चाल. नणंद-भावजय त्या आधीपासून होत्याच, लग्नानं विहिणी झाल्या. दोन्ही नात्यांचे टोमणे एकाच तोंडानं मारायची सोय झाली.

गेल्या पावसाळ्यात दोन्ही कंपन्यांचा मिळून एकच माणूस आला, तेव्हाच मालनला काहीतरी चुकल्यासारखं झालं होतं. सुहास नावाचा, गोड बोलणारा पोरगा होता. आल्या आल्या म्हणाला, "मावशी, तुमचा उपग्रह म्हातारा झाला."

"व्हणारच की. आमी तरी कुठं तरण्या ऱ्हायलो?"

सुहासनं चहा घेत सगळं सांगितलं. उपग्रहाला सूर्य-चंद्र इकडे तिकडे ओढत असतात. जागेवर राहायला त्याला थोडं थोडं इंधन जाळावं लागतं. ते संपत आलं की उरलेल्या घोटभर इंधनावर त्याला आणखी वर ढकलून देतात, म्हणजे बाकीच्यांच्या वाटेत येत नाही.

"मंजी मसणवट्यात."

"तसंच म्हणा. आता दोन्ही कंपन्यांचे उपग्रह एकदमच थकले. नवीन सोडायचा खर्च मोठा, आणि टीव्ही बघणारी माणसं पहिल्यासारखी राहिली नाहीत. म्हणून दोघींनी मिळून एकच सोडलाय. अर्ध्यात ह्यांची चॅनल, अर्ध्यात त्यांची."

"दोन जावांत एक चूल."

"बरोबर. आता चूल एक म्हटल्यावर जागा कमी. त्यामुळे वरून सगळं चित्र येत नाही, थोडक्यात खूण येते. बाकीचं हा नवा डबा इथं तयार करतो. आणि मावशी, आता ऊन लागलं तरी पडदा काळा पडणार नाही. मधलं जेवढं गेलं तेवढं डबा स्वतः भरून काढतो. करंजीत सारण भरावं तसं."

"कशावरनं भरतो?"

"आधी काय चाललं होतं त्यावरून. आणि ह्या घरात काय बघतात, काय आवडतं, ते त्याला हळूहळू कळतं, त्यावरून. अंदाजानं."

"आन अंदाज चुकला मंजी?"

सुहास हसला. "आठ-दहा मिनिटांत असं काय मोठंसं चुकणार? शिवाय भरलेलं चित्र असलं की वर उजव्या कोपऱ्यात निळा ठिपका येतो. मोहरीएवढा. तसा नियमच आहे."

मालननं मान हलवली. त्या उजव्या कोपऱ्यावर दोऱ्याचा विणलेला झालरीचा रुमाल लोंबत होता, प्रणोतीच्या रुखवतातला, शेवंतानं स्वतः विणलेला. सुहासनं तो डबा बसवताना बाजूला केला आणि जाताना पुन्हा नीट घालून ठेवला. चांगल्या घरचा होता.

पलीकडे शेवंताकडेही त्यानं तसाच डबा बसवला. नवरात्र झालं. उन्हाचे दिवस आले आणि गेले. कुणाचाच पडदा काळा पडला नाही, त्यामुळे ते आले हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. मालन शेवंताकडे गेली नाही, शेवंता मालनकडे आली नाही. घरात टीव्ही नीट चालू असताना माणूस कशाला उठेल?

प्रणोती खो-खो खेळायची. म्हणजे शाळेतल्यासारखी नव्हे. मोठ्या संघातून, गादीवर, दिव्यांच्या झगझगाटात, टीव्हीत दिसेल अशी. पण शिकली ती मालनच्या माळावर. मालनचा नवरा बिरा मेंढरं राखणारा माणूस. त्यानं हौसेनं घरामागच्या माळावर दोन बाभळीचे खांब पुरून दिले होते. भाचरू पळतंय, पळू दे, म्हणायचा. पंधरा-वीस वर्षं पोरींच्या पायांनी तो माळ असा बसला होता, की पाऊस पडला तरी पाऊल रुतत नव्हतं.

बिरा गेल्यावर मालननं मेंढरं विकली. मुलगा विक्रांत, प्रणोतीचा नवरा, फौजेत, कुठल्याशा बर्फात. एकटीनं मेंढरं कशी वळायची? तिनं डाळिंब लावायचं मनात घेतलं आणि डाळिंबाला जागा म्हणजे तो माळच. प्रणोतीनं ते ऐकलं त्या दिवशी ती जेवली नाही.

फायनलला जाताना उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत ती म्हणाली होती, "आत्या, मला जरा वेळ दे. ही फायनल झाली की सांगते. खेळणं सोडून घरी आले तर तुझ्याबरोबर मीच खड्डे घेईन. पण खेळायचं ठरलं तर माळ मला पायजे. सुट्टीत इथंच पळणार, गावातल्या पोरींना घेऊन. मी सांगेपातुर हात लावू नको."

"आन सांगशील कवा? सामन्याच्या दिशी फोन तर काढून घेत्यात तुमचा."

"बक्षीस वाटून झालं की देत्यात."

एवढंच. सून झाल्यावरही ती मालनला आत्याच म्हणायची, अगंतुगं करायची. शेवंतानं लग्नानंतर शंभरदा सांगितलं, आता सासू हाय ती तुझी, अहो म्हण. पोरीनं ऐकलं नाही. मालनला आतून त्याचं बरं वाटायचं आणि चारचौघींत थोडं कमीपणाचंही.

फायनल शिमग्याच्या आठवड्यात आली, दिवसाउजेडी. त्याच दिवशी इलाहीभाईचा जेसीबी शेजारच्या वस्तीवरून मोकळा झाला. इलाही मशीन घेऊन माळाच्या कडेला उभा राहिला आणि हाक मारली, "मालनाक्का, बोला. आज न्हाय तर मंग मशीन थेट पंढरपूरच्या अंगाला. पुना पावसाळ्याबिगर गावायचं न्हाय."

"थांब की जरा. सामना संपू दे."

"जिंकली तर पेढं, हारली तर च्या. आपलं दोन्हीकडनं जमतंय," म्हणत तो चाकाच्या सावलीत आडवा झाला.

सामना झाला. प्रणोतीचा संघ एका गुणानं जिंकला. शेवटी प्रणोतीच खांबाला वळसा घालून अशी निसटली, की मालनच्या हातून सुपातले तांदूळ सांडले. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग माईक घेतलेली एक बाई मैदानात आली. चित्र क्षणभर थरथरलं, की मालनचे डोळे भरले म्हणून तसं दिसलं, कोण जाणे.

बाईनं विचारलं, "प्रणोती, आता पुढं काय?"

प्रणोतीनं कपाळावरचा घाम पुसला. डोळे खाली घातले. "आता बस झालं," ती म्हणाली. "सासूबाई घरी एकट्या आहेत. त्यांनी माझ्यासाठी खूप सोसलंय. आता त्यांची सेवा करायची. त्यांची इच्छा तीच माझी इच्छा."

मालनचा ऊर भरून आला. सगळ्या जगासमोर पोरीनं मान दिला. सासूबाई म्हणाली. ती उठली, पदरानं डोळे पुसत मागच्या दारी गेली आणि म्हणाली, "इलाहीभाई, ऊठ. घे खड्डे."

"पेढं का च्या?"

"पेढं. आन च्या बी."

मशीन घरघरलं. इलाहीनं पहिला खड्डा घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याच्या आड खांब येत होता. त्यानं लोखंडी हात खाली घातला आणि बिरानं पुरलेला बाभळीचा खांब दाढ उपटावी तसा वर आला. मालननं मनाला समजावलं. पोरच म्हणाली न्हवं का.

तेवढ्यात गल्लीतून शेवंता पळत आली. पायात वहाण नाही, डोक्यावर पदर नाही.

"वन्सं! थांबवा त्ये! आवो थांबवा, माझी पोरगी तुटंल तुमच्या घराला!"

मालननं हात वर केला. इलाहीनं मशीन बंद केलं.

"काय झालं वैनी? आवो जिंकली की पोरगी."

"जिंकली, पर काय बोलली ऐकलं न्हाय व्हय? ज्यानं माझं मैदान घेतलं त्याच्या दारात पाय ठेवणार न्हाय, म्हणाली. बोट नाचवून म्हणाली. मी खेळणार, कोण मला आडवतंय बघते, म्हणाली. समद्या मुलखानं ऐकलं!"

मालन तिच्याकडे बघत राहिली. "कोण म्हणालं असं?"

"परणोती!"

"कवा?"

"आत्ता! त्या माईकवाल्या बाईला!"

"वैनी, ऊन लागलंय तुमाला. आत चला, पाणी प्या. आवो, ती म्हणाली खेळणं सोडलं. माझी सेवा करणार म्हणाली."

आता शेवंता मालनकडे बघू लागली. "सेवा? आमची परणोती?" मग तिला त्या तशातही हसू आलं. "वन्सं, तिनं आजवर मला पाण्याचा तांब्या दिला न्हाय. तुमची सेवा कुठनं करतीया?"

दोघी आत आल्या. डब्यात मागचं साठवलेलं असतं, ते मालननं पुन्हा लावलं. तीच बाई, तोच माईक. प्रणोतीनं डोळे खाली घातले आणि म्हणाली, आता बस झालं, सासूबाई घरी एकट्या आहेत. शेवंतानं तोंडावर हात ठेवला. मग दोघी अनवाणीच पलीकडे गेल्या. शेवंतानंही साठवलेलं लावलं. तिच्या टीव्हीत तीच बाई, तोच माईक, आणि प्रणोती बोट नाचवून भांडत होती. दोन्हीकडे चेहरा तोच, घाम तोच, कपाळावर चिकटलेली केसाची बट तीच.

मालन खाली बसली. आजवर एका घरात दिसलं नाही ते दुसऱ्या घरात दिसायचं. खरं-खोटं करायला गल्ली ओलांडली की पुरे व्हायचं. आज गल्ली ओलांडली तर एका पोरीच्या दोन झाल्या. कुठली आपली?

"ह्यो निळा ठिपका कसला वो?" शेवंता म्हणाली. "मगापासनं हाय. म्या आदुगर पुसून बघितला, जाईना."

मालन ताडकन उठली. परत आपल्या घरी आली, साठवलेलं पुन्हा लावलं आणि टीव्हीच्या कोपऱ्यावरचा विणलेला रुमाल उचलला. झालरीखाली निळा ठिपका होता. मोहरीएवढा.

मागोमाग आलेल्या शेवंताला तिनं सुहासचं बोलणं सांगितलं. ऊन, सारण, अंदाज. शेवंताला सुहासनं ठिपक्याचं सांगितलं होतं की नाही, तेही तिला आठवेना. एवढं कळलं, की पहिले दोन उपग्रह दोन जागी होते तोवर सूर्य एका वेळी एकालाच गाठायचा. आता एकच होता. सूर्य त्याच्या पाठीशी गेला की दोन्ही घरं एकदम आंधळी, आणि दोन्ही घरांत डबे आपल्या मनचं बोलत बसलेले. मालनच्या डब्याला रोज दुपारच्या मालिकांतल्या नमत्या सुना ठाऊक. शेवंताच्या डब्याला संध्याकाळी एकमेकांवर ओरडणारी माणसं ठाऊक, कारण नवरा मेंढरं घेऊन कोकणात गेला की घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून ती तेच लावून ठेवायची.

"मंजी तुमचं बी खोटं आन माझं बी खोटं," शेवंता म्हणाली. "मंग खरं काय?"

तेच तर कळत नव्हतं. ठिपका एवढंच सांगत होता, की हे भरलेलं आहे. जे निसटलं ते काय होतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. कदाचित पोरगी खेळणं सोडते म्हणाली असेल. कदाचित भांडलीही असेल. अंदाज कधीमधी बरोबरही येतोच की.

बाहेरून इलाही ओरडला, "मालनाक्का, घेऊ का ठेवू?"

मालनला घे म्हणता येईना आणि ठेव म्हणता येईना. तिनं पडद्यावर थांबलेल्या त्या खालमानेच्या पोरीकडे पाहिलं. सासूबाई. हा शब्द तिला मघाशी किती गोड लागला होता. प्रणोती तीन वर्षांची असताना ह्याच माळावर पडली होती, गुडघा फुटला होता, तेव्हा ती आईला हाक मारत नव्हती. आत्या, आत्या म्हणून ओरडत होती. ती पोर आज सासूबाई कुठून म्हणायला लागली? आपल्या कानांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. ओळखलं नाही, कारण ओळखायचं नव्हतं.

ती दारात गेली. "ठेव, इलाहीभाई. मशीन घेऊन जा तू. पेढं देते पाठवून."

"आवो पर तीन खड्डे झालेत. ह्ये अर्धवट..."

"अर्धवटच ऱ्हाऊ दे."

फोन दिवस कलताना आला. शेवंता तोवर घरी गेलीच नव्हती. दोघी उपटलेल्या खांबावर बसून होत्या.

"आत्या! बघितलं का?"

"बघितलं गं माझे बाय. तांदूळ सांडलं माझं." "त्या माईकवाल्या बाईला तू काय बोललीस?"

"मी? मला कुणी इचारलंच न्हाय. कॅप्टनला इचारत होते. मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले होते. उन्हात. आत जीव घुसमटत होता. का गं?"

मालननं सांगितलं. तिच्या टीव्हीतली प्रणोती, शेवंताच्या टीव्हीतली प्रणोती, आणि मग इलाही, खड्डे. शेवटी खांब. खांबाचं सांगताना तिचा आवाज फाटला. "तुज्या मामानं पुरलेला. काढला म्या. तू म्हणालीस असं वाटलं."

पलीकडे काहीच आवाज आला नाही.

शेवंतानं खुणेनं विचारलं, काय म्हणते? मालनच्या डोक्यात तेवढ्यात चार उत्तरं उभी राहिली. पोरगी चिडली. पोरगी रडते. पोरगी म्हणणार, जाऊ दे आत्या. पोरगी फोन ठेवणार. प्रत्येक उत्तर प्रणोतीच्याच आवाजात, हुबेहूब. मग मालनच्या ध्यानात आलं, की हे आपणच भरतोय. डब्यानं केलं तेच. तिनं ओठ मिटले, फोन कानाशी घट्ट धरला आणि नुसती थांबली. फोनमधून श्वास ऐकू येत होता, मागं कुठंतरी ढोल वाजत होते.

बऱ्याच वेळानं प्रणोती म्हणाली, "खड्डा केवढा हाय गं?"

"माझ्या कमरंएवढा."

"पाणी घालून ठेव त्यात."

फोन ठेवायच्या बेतात मालनचा हात थबकला. झाड लावायचं तरी खड्ड्याला पाणी घालतात, आणि खांब पुन्हा पुरायचा तरी माती भिजवावीच लागते. दुपारची मालन असती तर तिला हवं ते समजून मोकळी झाली असती.

"परणोती, झाडासाठी का खांबासाठी?"

पलीकडे पोरगी हसली. हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "आत्या, आज पैल्यांदा इचारलंस बघ. मला अजून कळंना गं. पायऱ्यांवर बसून त्येच इचार करत होते. खेळावं वाटतंय आन घरी यावं बी वाटतंय. आले की तू, मी आन आई, तिघी बसू माळावर. तवर भिजत घाल."

"घालते."

"तुमाला काय वाटतं, ती काय ठरवंल?" फोन ठेवल्यावर शेवंतानं विचारलं.

"मला काय बी वाटत न्हाय," मालन म्हणाली. "कळशी घ्या वैनी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालन टीव्ही बघत बसली होती. विणलेला रुमाल घडी करून कपाटात गेला होता. मालिकेतली सून रडत होती आणि तिच्या डोक्यावर, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, निळा ठिपका उमटला. मालननं टीव्ही बंद केला. ताटलीत भाजक्या शेंगा घेतल्या आणि ती गल्लीत उतरली. समोरून शेवंता येतच होती. तिच्याही हातात ताटली होती.